हडळ ‘तुम्ही’ म्हणते

चंद्रशेखर गमरे यांनी पेन्सिलीला टोक केलं, टेबलावरचा भुसा तळहातावर गोळा करून खिडकीबाहेर झटकला आणि मोबाईलवरची पुढची प्रतिक्रिया वहीत उतरवून घेतली.

‘वटवाघूळ नाही भावा ते, काळी छत्री आहे. नीट बघ, दांडा दिसतो.’

तिच्याखाली आणखी एक होती.

‘हडळीपेक्षा हिरोच्या विगची जास्त भिती वाटली.’

‘भिती’ची पहिली वेलांटी त्यांनी उतरवतानाच दीर्घ करून टाकली. एकतीस वर्षं वर्तमानपत्राच्या छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली होती. हाताला राहवत नव्हतं. टिंगल झाली तरी ती शुद्ध असावी, एवढी त्यांची अपेक्षा होती.

‘हडळीचा बांध’ हा सिनेमा चाळीस वर्षांपूर्वी पनवेलच्या एका टॉकीजमध्ये आठ दिवस, पुढे जत्रांच्या तंबूंमधून दोन हंगाम चालला आणि मग कुठेतरी नाहीसा झाला. तो नाहीसा झाल्याचं सर्वांत जास्त समाधान चंद्रशेखरांनाच होतं. वीटभट्ट्यांवर पैसा केलेल्या एका गृहस्थांनी तो काढला होता. हँडबिलं छापायला म्हणून ते छापखान्यात आले, “तुमच्यात मराठी कोणाचं चांगलं?” असं त्यांनी विचारलं, आणि सगळ्यांनी कोपऱ्यात मान खाली घालून बसलेल्या गमऱ्यांकडे बोट दाखवलं. आठ दिवसांत त्यांनी संवाद लिहून दिले. त्यात खून करणारा माणूस समोरच्याला ‘हे अधमा’ म्हणत होता, आणि मरणारा माणूस नियतीबद्दल दोन वाक्यं बोलून मगच मरत होता.

आता कोणीतरी तो सिनेमा हुडकून इंटरनेटवर ठेवला होता आणि दोन महिन्यांत चाळीस हजार लोकांनी तो पाहिला होता. बरेचसे हसायला आले होते, आणि हसले होते. ‘कोणी लिहिलेत हे डायलॉग? पत्ता द्या त्याचा,’ असं एकानं लिहिलं होतं. ते वाचल्यावर चंद्रशेखरांनी उठून दाराची कडी बघितली होती.

पण वहीची गेली तीन पानं निराळ्याच मजकुरानं भरली होती.

‘एक तास चार मिनिटं. सगळा पिक्चर फेकून द्या, ही एक जागा ठेवा.’

‘हसत हसत बघत होतो. ती जेवलात का म्हणाली आणि मी पंखा बंद करून परत ऐकलं.’

‘तुमच्या लक्षात आलं का, ही हडळ ‘तुम्ही’ म्हणते? मारायला आलेली बाई आदरानं बोलते. असला डायलॉग आजवर ऐकला नाही. लिहिणाऱ्याला सलाम.’

प्रसंग असा होता. संध्याकाळच्या उजेडात, मिठागराच्या बांधावर, नायक एकटा उभा असतो. मागून पांढऱ्या लुगड्यातली एक उंच बाई येते. ती किंचाळत नाही, हसत नाही. ती त्याच्याकडे नीट बघते आणि खालच्या आवाजात म्हणते : “जेवलात का? जेवून घ्या. मंग निंगू.”

एवढंच. पुढे सिनेमा पुन्हा छत्रीच्या वटवाघळाकडे वळतो.

“पप्पा, त्या मुलीला कळवलं का?” स्वयंपाकघरातून सुनेनं, राजश्रीनं विचारलं. ती डबा भरत होती. नऊ-वीसला तिला वाशीची बस पकडायची होती.

“कळवतो.”

“परवा पण कळवतोच म्हणालात. रविवारी प्रोग्राम आहे तिचा. आज शुक्रवार.”

ती मुलगी म्हणजे क्षिप्रा. जुन्या, विसरलेल्या सिनेमांचं तिचं चॅनेल होतं, आणि ‘हडळीचा बांध’ तिनंच शोधून काढला होता. ‘हे वाक्य कोणी लिहिलं? नामावलीत संवाद : चंद्रशेखर गमरे एवढंच आहे. ते हयात असतील तर वाशीच्या शोला त्यांना बोलवायचं आहे,’ असं तिनं सगळ्यांच्या वर लिहून ठेवलं होतं. त्याखाली राजश्रीनं सासऱ्यांना न विचारता त्यांचा फोन नंबर टाकला होता.

“राजश्री, ते वाक्य माझं नाही.”

“टायटलला नाव कोणाचं आहे?”

“माझं.”

“मग? यांच्या कंपनीत बंद पडलेलं मशीन यांनी रात्रपाळीला उघडून बसवलं, फोटो लागला साहेबाचा. साहेब कधी बोलला, की हे तुमच्या अंकुशचं काम आहे? तुम्हालाच बरी टोचणी लागते.” डब्याचं झाकण तिनं तळहातानं दाबून बसवलं. “सत्तरी उलटल्यावर कोणीतरी हार घालतंय, तर मान पुढे करायची सोडून लपताय.”

चंद्रशेखरांनी पेन्सिल वहीत ठेवली. मान पुढे करायची त्यांना इच्छा नव्हती असं नव्हतं. लिहिणाऱ्याला सलाम, हे दोन शब्द त्यांनी वहीत उतरवले तेव्हा पेन्सिल जरा जास्तच दाबली गेली होती.

त्यांनी हडळीला लिहून दिलेलं वाक्य वेगळं होतं. ‘तुझ्या सात पिढ्यांचे रक्त प्राशन केल्यावाचून हा आत्मा शांत होणार नाही!’ ठरलेली नटी चिखल बघून गाडीतून उतरलीच नाही, तेव्हा घणसोलीच्या मिठागरावर मीठ ओढणाऱ्या बायकांपैकी सर्वांत उंच बाईला पुढे केलं गेलं. बायजा मढवी तिचं नाव. पंचविशीची असेल. चंद्रशेखर सकाळभर बांधावर तिच्यासमोर बसून तिला वाक्य शिकवत होते.

“म्हणा, प्राशन.”

“पराशन.”

“प्रा. प्राशन.”

“तेच तं बोलते. पराशन.”

दिग्दर्शक लांबून दोघांनाही शिव्या घालत होता. दुपार टळली, जेवणाची पाकिटं वाटून झाली, उजेड उतरायला लागला. शेवटी बाईला कॅमेऱ्यासमोर उभं केलं, आणि तिनं ते अवघड वाक्य सोडून भलतंच काहीतरी म्हटलं. “चालेल, पुढे घ्या,” दिग्दर्शक म्हणाला. त्याला सूर्याची घाई होती.

चंद्रशेखर पोटरीभर चिखलात उभे होते. बाईनं आपलं वाक्य टाकून दिलं, हे त्यांना कळलं. टाकून तिनं स्वतःचं जे घातलं ते आपल्या अख्ख्या वहीपेक्षा सरस आहे, हेही त्यांना त्याच क्षणी कळलं. आठ दिवस शब्दकोश उशाशी घेऊन त्यांना जे साधलं नव्हतं ते मीठ ओढणाऱ्या बाईनं उभ्या उभ्या करून दाखवलं होतं. त्यानंतर त्यांनी लिहायला म्हणून कागद पुढे ओढला नाही. लोकांच्या मजकुरातल्या वेलांट्या मात्र सुधारत राहिले.

आणखीही एक गोष्ट होती. सिनेमाच्या नामावलीची मुद्रितं त्यांनीच तपासली होती. शुद्धलेखनाच्या अकरा चुका काढल्या. एक अख्खं नावही गळलं होतं, ते त्यांच्या लक्षात आलं होतं. पण गळलेलं अक्षर भरायला कोणाची परवानगी लागत नाही. नाव भरायला लागते. ती मागायला त्यांची जीभ रेटली नाही.

राजश्री गेल्यावर त्यांनी वही मिटली, इस्त्रीचा सदरा घातला आणि कोपरखैरण्याहून घणसोली गावाची रिक्षा केली. दहा मिनिटांचं अंतर होतं. सव्वीस वर्षं या बाजूला राहूनही ते त्या गावात कधी शिरले नव्हते.

टॉवरांच्या पायथ्याशी गाव दाटीवाटीनं बसलं होतं. तळ्याजवळच्या किराणा दुकानात गल्ल्यावर एक गृहस्थ पेपर वाचत होते. वरच्या पाटीवर ‘पोपट स्टोअर’ असं लिहिलं होतं.

“बायजाबाई मढवी कुठे राहतात, सांगाल का?”

“कंची बायजा?” पोपटशेठनी पेपर खाली केला. “बायजा तीन हायेत गावान. एक वारली, तरी दोन उरतान.”

“पूर्वी मिठागरावर कामाला होत्या. उंच आहेत.”

“आरे, हडल पायजे तुमाना? तसा सांगा ना.”

चंद्रशेखरांचा हात गल्ल्याच्या लाकडावर टेकला होता, तो त्यांनी काढून घेतला.

“हडळ म्हणतात त्यांना?”

“नावच ता हाय तिचा. पिच्चरमदे काम केलेला ना. पोर जेवाला मागत नाय, तं आई बोलते, थांब, हडल बायजाला बोलवतंय. पोर गपचिप ताटाव बसतंय.” पोपटशेठ हसले. “माझी आई पन माझ्या बारक्या भावाला तेच बोलायची.”

चंद्रशेखरांना परत फिरावंसं वाटलं. एका संध्याकाळच्या कामाचं हे नाव त्या बाईनं चाळीस वर्षं वागवलं होतं, आणि त्या कामात आपला हात होता. ‘नंतर येतो’ असं पुटपुटून ते वळलेही होते. पण पोपटशेठनी दुकानातूनच समोरच्या गल्लीत आवाज टाकला.

“ए बायजाक्का! पावना आयलाय गो तुजेकडं!”

गल्लीतल्या तिसऱ्या घराच्या ओट्यावर बायजाबाई सूप मांडीवर घेऊन जवळ्याची बारीक सुकी मासळी पाखडत होत्या. अंगानं सुकल्या होत्या, पण बसलेल्या असतानाही त्यांची उंची कळत होती. चंद्रशेखरांनी ओट्याच्या अलीकडेच चपला काढल्या आणि उन्हात उभे राहिले.

बायजाबाईंनी डोळ्यांवर हात धरून बघितलं.

“मास्तर?”

“ओळखलंत?”

“आजून तसंच उभं रातंव. दारान कोनी या बोलल्याशिवाय पाय नाय टाकाचा.” त्यांनी सूप बाजूला केलं. “या, बसा. खुर्ची पुसून घ्या, जवला उडलाय.”

चंद्रशेखर खुर्चीच्या कडेवर बसले.

“बाई, मी तुमची माफी मागायला आलोय. एक तर नामावलीत तुमचं नाव राहिलं. आणि आता या दुकानात कळलं, गावात तुम्हाला लोक…”

“हडल? बोलू द्या. चालीस वर्सा झाली.” त्या हसल्या, पुढचे दोन दात नव्हते. “एक दिवस मतदानाचे चिठ्ठीव पन ताच लिवून येल. नातीनी दाखवला मना तो पिच्चर, आमचे योगिनीनी. मी तं हसून हसून मेली. तोंडाव अख्खा तांदलाचा पीठ. माझी सासू तवाच बोललेली, एवऱ्या पिठाच्या आठ भाकरी झाल्या असत्या.”

“लोक हसतात, खरं आहे. पण तुमच्या वाक्याला कोणी हसत नाही.” चंद्रशेखरांनी खिशातून वही काढली, पण उघडली नाही. “सगळ्या सिनेमात तेवढं एकच चांगलं आहे, असं लोक लिहितात. मला त्याबद्दल बोलायला बोलावलंय रविवारी. ते वाक्य माझं नाही, तुम्ही आयत्या वेळी केलंत, हे मला तिथे सांगायचंय. तुम्हाला आधी विचारावं म्हणून आलो.”

“कंचा वाक्य?”

“जेवलात का, ते.”

बायजाबाईंनी पदराला हात पुसले.

“ता मी कशाला करू? ता तुमीच दिलाव ना.”

“नाही, नाही. मी दिलेलं ते प्राशन होतं.”

“ता सकालचा. ता मना जमला नाय. मंग दुपारी तुमी दुसरा दिलाव.” त्यांनी ओट्यावर बोटानं रेघ ओढली, जणू बांध कुठे होता ते दाखवत होत्या. “पाकिटा वाटली. सगली जेवाला बसली तिकरं छत्रीखाली. मी हिकरं एकटीच, तोंडाला पीठ, जेवाची कशी? तुमी आयलाव. माझे समोर उभं रायलाव, असंच, हात मागं घेऊन. आन बोल्लाव, जेवलात का? जेवून घ्या. मग निघू. बोल्लाव आन गेलाव.”

चंद्रशेखरांनी वही परत खिशात घातली.

“मना वाटला,” बायजाबाई म्हणाल्या, “मास्तरांनी सोपा करून दिला. बाईची जीभ वलत नाय, मंग ह्यो घे. मी जेवली पन नाय त्या दिवशी. पाठ करत बसली. जेवलात का, जेवून घ्या. जेवलात का, जेवून घ्या. शेवटचा तेवरा चुकला, मंग निंगू झाला.”

“पण बाई, मी ते…” त्यांना शब्द शोधावा लागला. “मी ते तुम्हाला विचारलं असेन. जेवणाचंच.”

“मना?”

“हो.”

“मना कोन जेवलात का बोलनार, मास्तर? मी मिठागरावरची. मुकादम बोलाचा, ए उंचे. घरान सासू बोलाची, गिल गो. जेवलात असा उभ्या जल्मात मना कोनी बोललेला नव्हता. मंग ता पिच्चरमदलाच असनार ना?”

गल्लीतून एक स्कूटर गेली. तिच्या वाऱ्यानं ओट्यावरचा जवळा थोडा सरकला, तो बायजाबाईंनी हातानं परत सुपात ओढला.

चंद्रशेखरांना ती दुपार आठवत होती. ऊन, छत्री, वाळलेल्या पुऱ्यांची पाकिटं. ते वाक्य मात्र आठवत नव्हतं. त्यात आठवण्यासारखं काही नव्हतंच. ते कोणालाही तसंच विचारत. छापखान्यात कागदाचे गठ्ठे उचलणाऱ्याला विचारत, जिन्यात भेटलेल्या पोस्टमनला विचारत. असल्या बोलण्याला ते वाक्य मानतच नव्हते. त्यांना घरचा टेबलाचा खण डोळ्यांसमोर आला. त्या वर्षी आणलेला अर्धा रीम कोरा कागद त्यात अजून होता. कडेनं पिवळा पडला होता.

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि हातातच धरून ठेवला.

“मग ते वाक्य कोणाचं म्हणायचं?” त्यांनी विचारलं. ते खरोखरच विचारत होते.

बायजाबाईंनी थोडा विचार केला.

“बोलली मी,” त्या म्हणाल्या. “तुमी तं निस्ता इचारलाव.”

चंद्रशेखरांनी मान हलवली. मुद्रितात हे असं नीट लागलेलं दिसलं असतं तर त्यांनी कुठेही खूण केली नसती.

बायजाबाईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं, पण पाखडायला सुरुवात केली नाही.

“मास्तर, इचारलाव ता मातर खरा ना? का उगाच, काम उरकाचा म्हनून?”

“खरं होतं.”

“मना इचारलाव. बायजाला.”

“तुम्हालाच विचारलं.”

“मंग मी जेवली पायजे होती,” त्या म्हणाल्या, आणि सुपाला एक झटका दिला. टरफलं वर उडाली आणि उन्हात खाली बसली.

थोड्या वेळानं चंद्रशेखरांनी रविवारच्या कार्यक्रमाचं सांगितलं. दुपारी चारला, वाशीत, ते स्वतः रिक्षा घेऊन न्यायला येतील.

“चारला येन मी. सकालचा बाजार आसतो, चारला मोकली.” बायजाबाईंनी बोट उगारलं. “पन सांगून ठेवते, पीठ नाय लावनार.”

तळ्याच्या कठड्यापाशी येऊन ते रिक्षा बघत होते, तेवढ्यात फोन वाजला. क्षिप्रा होती.

“सर, सॉरी, सारखी मागे लागतेय. पोस्टर प्रिंटला चाललंय. तुम्ही येताय ना? फक्त दहा मिनिटं बोला. ते वाक्य तुम्हाला कसं सुचलं, एवढंच. लोकांना तेच ऐकायचंय.”

“येतो. दोघं येतो आम्ही,” चंद्रशेखर म्हणाले. “पोस्टरवर ते वाक्य छापणार आहात का?”

“मध्यभागी, मोठ्या टायपात. खाली तुमचं नाव.”

“खाली बायजाबाई मढवी घाला. हडळीचं काम त्यांनी केलंय, आणि वाक्य त्यांनी म्हटलंय. मढवी. म, मग ढगातला ढ, वी दीर्घ. छापायला जाण्याआधी एकदा मला पाठवा, मी बघून देतो.”

पलीकडून कळफलकाची टकटक आली.

“म्हणजे ते तुम्ही लिहिलेलं नव्हतं?”

“लिहिलेलं नव्हतं.”

“ओह.” तिचा आवाज जरा उतरला. “मग सर, तुमचं नाव कशापुढे टाकू?”

चंद्रशेखरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. तळ्याच्या पाण्यात समोरचा टॉवर उलटा उभा होता आणि त्याच्या सगळ्या खिडक्या हलत होत्या.

“बाकीची सगळी वाक्यं माझी आहेत,” ते म्हणाले. “त्यांच्यापुढे टाका.”